चालू गाडीचं टर्मिनल

एकनाथला कुणी तोंडावर विचारलं असतं, 'काय रं, सुनेवर जळतोस व्हय?' तर त्यानं हातातला दहा-अकराचा पाना विचारणाऱ्याच्या टाळक्यात घातला असता. यावरूनच काय ते समजा. ज्याच्या पोटात दुखत नाही तो असा चवताळत नाही.

आणि दुखणारच की हो! तीस वर्षं कोळवणच्या स्टँडपाशी पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्या माणसानं गाड्यांच्या बॅटऱ्या आणि सेल्फ बघितले. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. ती गप बसली की शहाण्यासुरत्या माणसाचं तोंड उतरतं आणि तो एकनाथला फोन लावतो. एकनाथ काय करायचा, जागचा उठायचासुद्धा नाही. "फोन बॉनेटपाशी धरा आन् किल्ली मारा," म्हणायचा. मग डोळे मिटून ऐकायचा. कट्-कट्-कट्-कट् आलं, तर बॅटरी उतरलीय. एकदाच टक् आणि मग शुकशुकाट, तर सेल्फचा कॉन्टॅक्ट गेलाय, नाहीतर अर्थिंगची वायर ढिली हाय. झुंईं करून मोटर नुसतीच फिरली, तर सेल्फचे दात इंजिनाला लागत न्हाईत. फोनवर रोग सांगणारा डॉक्टर म्हणून साऱ्या खोऱ्यात त्याचं नाव होतं. पौडवरनं, पिरंगुटवरनं माणसं फोन करायची.

त्यात फार्महाऊसवाले आले आणि एकनाथची चांदीच झाली. ही मंडळी शनिवारी येणार, पोरं गाडीचं दार अर्धवट लावून पळणार, आतला दिवा रात्रभर जळणार, नाहीतर किल्ली फिरवून इंजिन बंद ठेवून चार-चार तास गाणी लावणार. मग रविवारी दुपारी घरी जायची वेळ झाली की कट्-कट्-कट्. रविवारी एकनाथ जेवायला घरी जायचा नाही. एकामागून एक बंगले करायचा, उतरलेल्या बॅटरीला दुसरीचा करंट द्यायची जंपर केबल खांद्यावर टाकून. "एकनाथअण्णा, तुम्ही होतात म्हणून," असं बायाबाप्ये म्हणायचे. त्या 'म्हणून' वर त्याचा आठवडा निघायचा.

मग दीड वर्षापूर्वी त्याच्या अमोलचं लग्न झालं आणि जवळच्याच चांदे गावची गौतमी सून म्हणून घरात आली. अमोल पिरंगुटच्या कंपनीत कामाला. पोरगी आयटीआय झालेली, गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचीच. लग्नाआधी तीन वर्षं एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये होती. स्थळ आलं तेव्हा एकनाथच सगळ्यांना सांगत सुटला होता, "आमच्याच धंद्यातली पोरगी हाय, घरात बोलायला माणूस झालं." आता बोला!

पहिले चार महिने ती डबा घेऊन दुकानात यायची, डबा ठेवायची, दोन मिनिटं उभी राहून बघायची आणि जायची. मग कोंडाजीच्या गाडीचं ते प्रकरण झालं.

कोंडाजी म्हणजे एकनाथचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एके काळी सरपंच होता, अजून बोलणं तसंच. त्यानं जीप विकून नवी गाडी घेतलेली. ती सकाळी उठतच नव्हती. सात महिन्यांत एकनाथनं दोन बॅटऱ्या बदलल्या. "हल्लीच्या बॅटऱ्यांत दमच ऱ्हायला न्हाई," म्हणायचा. तिसऱ्यांदा गाडी ढकलत आणली तेव्हा गौतमी डबा घेऊन उभी होती.

"मामा," ती हळूच म्हणाली, "गाडी बंद असताना करंट कुटं जातोय का, बघू का मी?"

सासऱ्याला मामा म्हणायची तिच्याकडं पद्धत. एकनाथ हसला. "बग की. तुझा हात लागल्यावर तरी पावती का बगू."

तिनं घरनं आपला मीटर आणला. बॅटरीच्या वायरीत जोडला. आणि बसली. काही करेना. वीस मिनिटं नुसती बसली! एकनाथनं कोंडाजीला डोळा मारला. पोरगी म्हणाली, "नव्या गाडीला झोपायला वेळ लागतो. झोपल्यावर ती खातीय का, ते बघायचं." मग मीटर बघून म्हणाली, पन्नास मिलिअँपच्या आत पाहिजे, इथं चारशे दाखवतोय. मग एकेक फ्यूज काढत गेली. सातव्या फ्यूजला आकडा धाडकन खाली आला. निघालं काय, तर कोंडाजीच्या नातवानं आरशामागं कॅमेरा बसवून घेतला होता आणि बसवणाऱ्यानं त्याची वायर थेट चोवीस तास चालू लायनीवर जोडली होती.

"आरं तिच्या!" कोंडाजी ओरडला. "दोन बॅटऱ्या गिळल्या ह्या चिमटीएवढ्या कॅमेऱ्यानं! पोरी, तुझ्या हाताला काय म्हणावं!" आणि मग एकनाथकडं वळून, अगदी प्रेमानं, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "एकनाथ, आता तू जरा बसून घे बाबा."

कोंडाजी बोलून गेला. एकनाथला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. बसून घे म्हणं! बसून घ्यायला काय माझे दिवस भरले? दोन बॅटऱ्या उगाच बदलल्या ही लाज एकीकडं राहिली, सारा राग त्या वीस मिनिटं शांत बसलेल्या पोरीवर निघाला.

तिथून सुरू झालं. कोंडाजीच्या तोंडाला कुलूप थोडंच होतं! महिन्याभरात फोन यायला लागले, "अण्णा, मॅडम हायेत का?" मॅडम! एकनाथच्या फोनवर, एकनाथच्या दुकानात, मॅडम! तो म्हणायचा, "मी हाय की. किल्ली मारा, ऐकवा." तर पलीकडनं, "न्हाई, तुमी बिझी असाल, मॅडमना पाठवा." त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. फोन तिच्या हातात द्यायचा तेव्हा असा द्यायचा की जणू विंचू देतोय.

आणि ती चुकायची असती तर सोसलं असतं. पण चुकायची नाही ना! तिचा कान एकनाथएवढा तयार नव्हता, हे तो छातीठोकपणे सांगेल आणि खरंच सांगेल. पण ती विचारायची. शेवटची कधी चालू केली होती? लाइट झगझगीत लागते का मंद? किल्ली मारली की लाइट मरते का तशीच ऱ्हाते? लाइट मरत असंल तर बॅटरी न्हाईतर टर्मिनल, तशीच ऱ्हात असंल तर सेल्फ, हे ती गिऱ्हाइकाला समजावून सांगायची. टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीला वायर जोडायच्या टोकावर, पांढरा-हिरवा खार आला असेल तर गरम पाण्यानं धुऊन दाखवायची आणि म्हणायची, "बघा, बॅटरी चांगली हाय, नवी घ्यायची गरज न्हाई." गिऱ्हाईक खूश. एकनाथनं तीस वर्षांत कुणाला काही विचारलं नव्हतं की समजावलं नव्हतं. तो सांगायचा. डॉक्टर कधी पेशंटला समजावत बसतो का?

मग त्यानं काय काय केलं, ते सांगायलाही बरं वाटत नाही. साठीला टेकलेला माणूस! तिचा मीटर सीटकव्हरांच्या ढिगाखाली सारला आणि ती शोधत असताना पेपर वाचत बसला. रंभाबाई, म्हणजे त्याची बायको, तिच्यापाशी कुरकुरला, "सुनेला घरात कामं न्हाईत का? सारखी आपली दुकानात." रंभाबाई फटकळ. म्हणाली, "तुमाला डबा वेळेवर मिळतोय ना? मग? पोरगी घरचं आवरून येती. तुमच्या का पोटात दुखतंय?" झालं. बायकोलासुद्धा दिसलं होतं.

कधीकधी तो लपून तिचं काम बघायचा. तिच्या हातात पाना कसा सरळ बसतो, ती वायर ओढून न बघता बोटानं कशी चाचपते. आणि मनात यायचं, हे माझ्या पोटी का आलं नाही? अमोलला कधी पाना धरावासा वाटला नाही. आलं ते परक्याच्या घरातून आलं, आणि माझ्याच खुर्चीवर येऊन बसलं. जळायचा. अगदी मुळापासनं जळायचा, आणि मग ओरडायचा, "पाना जागेवर ठिवत जा!"

एकाच गोष्टीवरनं गौतमीनं त्याला दोनदा टोकलं होतं. एकनाथची जुनी रीत होती. गाडी धक्क्यानं किंवा केबलनं चालू झाली, की चालू इंजिनावरच बॅटरीचं टर्मिनल उपसायचं. इंजिन तसंच चालत राहिलं तर बॅटरी भरणारा डायनामो ठणठणीत, बंद पडलं तर डायनामो गेला. एका झटक्यात निकाल! मीटर नको, काही नको. जीप, टेंपो, ट्रॅक्टर, साऱ्यांची परीक्षा त्यानं अशीच घेतली होती.

"मामा, आताच्या गाड्यांना असं करत जाऊ नका," ती म्हणाली होती. "त्यात कॉम्प्युटर असतोय. चालू गाडीचं टर्मिनल काढलं की डायनामोचा करंट उसळतो आन् कॉम्प्युटर जळतो. शोरूमला आमाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"तुज्या शोरूमच्या आदी मी हे करतुया," तो म्हणाला होता. पण ऐकलं होतं त्यानं. कळलंही होतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं तो स्वतःलाच सांगायचा की आपल्याला माहीत नव्हतं.

घट बसायच्या आदल्या रविवारची गोष्ट. गौतमी सकाळी स्कूटीवर चांद्याला आईकडं गेली होती, चारला येते म्हणून. साडेतीनला एक पांढरी मोठी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. येऊन म्हणजे, फार्महाऊसच्या वॉचमननं आणि चार पोरांनी उतारावरनं ढकलत आणली होती. मालक पुण्याचे साहेब, वर्षभराचं गिऱ्हाईक. उतरल्या उतरल्या काय विचारावं?

"मॅडम आहेत का?"

एकनाथ उभा होता समोर. सहा फूट नसेल, पण दिसत नव्हता असं नाही.

"न्हाईत," तो म्हणाला. चारला येणार हे तो बोलला नाही.

"अरेरे. मग थांबावं लागेल का?"

"कशापायी थांबता? मी काय मेलोय का?" साहेब दचकले. एकनाथनं आवाज खाली आणला. "बसा साहेब, च्या घ्या समोर. पाच मिन्टात चालू करतो."

साहेब फोनवर बोलत समोरच्या टपरीत गेले. वॉचमन आणि पोरंही त्यांच्यामागं चहाला गेली. एकनाथनं बॉनेट उघडलं, केबल लावली, बटण दाबलं. गाडी एका दमात चालू झाली. तेव्हाच थांबला असता तर! बॅटरी उतरली होती, बाकी काही नव्हतं. पण नुसती चालू करून कसं भागेल? ही गाडी मॅडमनं कशी तपासली असती? मीटर लावून, खाली वाकून, विचारपूस करून पाऊण तास. मी एका झटक्यात निकाल देतो. साहेब आले की सांगतो, डायनामो ओके, बॅटरी ओके, जावा बिनघोर. त्यानं केबल काढली, पाना घेतला, टर्मिनलचा नट ढिला केला. एक क्षण हात थांबला. तिचा आवाज कानात आला, 'मामा, आताच्या गाड्यांना.' त्या आवाजाचाच त्याला राग आला. त्यानं टर्मिनल उपसलं.

इंजिन एकदा गुरगुरलं. समोरच्या काचेमागं होते नव्हते तेवढे सगळे दिवे एकदम पेटले आणि इंजिन बंद पडलं. करपल्यासारखा वास आला. एकनाथनं टर्मिनल घाईघाईनं परत बसवलं, नट बोटानंच फिरवला, बटण दाबलं. काही नाही. कट्-कट् नाही, टक् नाही. तीस वर्षांत त्या कानानं असं काही ऐकलं नव्हतं. गिअर हलेना, स्टेअरिंग हलेना.

आणि तेवढ्यात गौतमीची स्कूटी आली.

"काय झालं, मामा?"

"चालू हुईना," तो म्हणाला. खोटं नव्हतं.

तिनं पर्स बाजूला ठेवली, आपलं कॉम्प्युटर वाचायचं मशीन आणलं, स्टेअरिंगखाली जोडलं. मशीन काहीच वाचेना. ती बॉनेटकडं आली. टर्मिनलला बोट लावलं. नट सुटा होता. तिनं वास घेतला आणि मान वर करून सासऱ्याकडं बघितलं. तिला कळलं. कुठलीही तपासणी न करता कळलं.

साहेब चहा संपवून आले, मागं वॉचमन, पोरं आणि टपरीवरची चार टाळकी. बघतात तर गाडी मेलेली, दिवे चमकतायत, मॅडमचा हात बॉनेटमध्ये आणि आत मशीन लोंबतंय.

"काय झालं? मगाशी चालू झालेली ऐकली मी!"

गौतमी बाजूला सरकली. एकनाथकडं बघत राहिली. तिनं त्याला जागा करून दिली होती, एवढंच बोल म्हणून, मी काढलं टर्मिनल. एका वाक्याचं काम. आणि एकनाथच्या तोंडून काय निघावं?

"चालू केली हुती मी. मशीन लावलं आन् बंद पडली, बगा."

स्वतःच्या कानांनी त्यानं ते ऐकलं. कुणी बोलायला लावलं नव्हतं.

साहेबांचा पारा चढला. "कुणी सांगितलं होतं मशीन लावायला? चालू गाडी होती!" पोरं एकमेकांकडं बघायला लागली. टपरीवाला म्हणाला, "मॅडम, लई हुशारी बी कामाची न्हाई." गौतमीनं मशीनची वायर गुंडाळली, पिशवीत ठेवली. "साहेब, गाडी शोरूमला न्यावी लागंल," एवढंच म्हणाली. गाडी उचलून नेली. आतला कॉम्प्युटर जळाला होता. पुढं साहेबांचा आणि शोरूमचा व्यवहार काय तो मिटला, पण तोवर फार्महाऊसवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरला होता, कोळवणच्या त्या मॅडमकडून गाडीला हात लावून घेऊ नका, अण्णा असतील तरच जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमोल कामावर गेल्यावर, रंभाबाई शेताकडं गेल्यावर, गौतमी ओट्यावर बसलेल्या एकनाथसमोर येऊन उभी राहिली.

"मामा, मी काय कुणाला सांगणार न्हाई. ह्यांनासुद्धा न्हाई. मी सांगितलं तर लोक म्हणतील, चूक झाकायला सासऱ्यावर ढकलतीय. तुमीच सांगायला पायजे. तवर मी दुकानात पाय ठेवणार न्हाई."

"सांगतो की," एकनाथ म्हणाला. "सांगतो म्हणलं ना."

सांगितलं नाही. खोटं कशाला बोला, पहिले दोन-तीन दिवस त्याला फार बरं वाटलं. फोन यायचे, "अण्णा, तुमीच हाय ना? तुमीच या." जंपर केबल खांद्यावर टाकून तो पुन्हा बंगल्या-बंगल्यांतून हिंडला. भाताला लोंबी धरली होती, हवा छान होती, बाया म्हणत होत्या, जुनं ते सोनं. तो मनात म्हणायचा, उद्या सांगू. उद्या आला की म्हणायचा, जरा लोकांचा राग निवू दे.

पण घरी गेलं की ती पोरगी समोर. ताट वाढायची, पाणी द्यायची, मामा म्हणायची. पूर्वीसारखीच. फक्त हात. ते हात दिवसभर काय करायचे ते बघवत नव्हतं. घासलेली भांडी पुन्हा घासायचे. रंभाबाई म्हणाली, "पोरीनं अन्न टाकलंय. येवढं काय झालं? चूक हुती माणसाच्या हातनं." एकनाथ ताटावरनं उठला.

सहाव्या दिवशी एक गाडी आली. रोज सकाळी बंद, दिवसभर नीट. त्यानं ऐकलं, बॅटरी बघितली, टर्मिनल घासलं. निदान होईना. कुठल्या फ्यूजला काय आहे ते तिला माहीत, त्याला नाही. गिऱ्हाइकाला "बॅटरी बदला" म्हणून सांगताना त्याची जीभ जड झाली. बॅटरी चांगली असणार, हे त्याला आतून कळत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तो स्वतःवर जळला. आपण कसले डॉक्टर, मनातल्या मनात म्हणाला, आपण त्या पोरीचं खाल्लेलं नाव पचवत बसलोय.

खंडेनवमी आली. दरवर्षी त्या दिवशी एकनाथ दुकानात हत्यारांची पूजा घालायचा. ओळखीची गिऱ्हाइकं गाड्या घेऊन यायची, झेंडूचे हार, नारळ, पेढे. एकनाथनं पाटावर पाने मांडले, टेस्ट लॅम्प मांडला, केबल गुंडाळून ठेवली. मग घरी गेला, गौतमीच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"तुझा मीटर दे. पूजेत मांडतो."

"कशाला? त्याला आता कोण हात लावणारंय?"

"दे तू. आन् तू बी चल. आज सांगतो."

ती आत वळली. मग मीटर घेऊन आली.

दुकानापुढं वीस-पंचवीस माणसं. कोंडाजी खुर्चीत. पांढऱ्या गाडीवाले साहेबसुद्धा आले होते, गाडी दुरुस्त होऊन परत आलेली, हार घालायला. गौतमी पेढ्यांचं ताट घेऊन फिरायला लागली. साहेबांनी पेढा घेतला, पण तिच्याकडं बघितलं नाही. कोंडाजीनं पाटावरचा मीटर बघितला आणि मोठ्यानं म्हणाला, "हे कशाला मांडलंस, एकनाथ? गाड्या मारायचं यंत्र! बाईमाणसाच्या हातात करंटचं काम देऊच नये, मी आदीपासनं सांगतुया."

कधी सांगत होता? खोटारडा! कॅमेऱ्याच्या वेळी कोण नाचलं होतं? गौतमीच्या हातातलं ताट जागच्या जागी थांबलं. एकनाथच्या डोक्यात सणक गेली.

"कोंडाजी, गप बस!" तो ओरडला. सगळे वळले. "ऐका सगळी. साहेब, तुमी बी ऐका. तुमची गाडी हिनं न्हाई मारली. मी मारली. चालू गाडीचं टर्मिनल मी उपसलं. हिनं मला दोनदा सांगितलं हुतं, करू नका म्हणून. तरी मी केलं. हिच्यावर जळत हुतो म्हणून केलं. आन् वर तुमाला खोटं बोललो. ही आली तवा गाडी आदीच मेलेली हुती."

झालं. सांगून टाकलं. छातीवरचं मोठं ओझं उतरलं. घामानं डबडबलेला तो लोकांकडं बघत राहिला. आता शिव्या घालतील, साहेब अंगावर येतील, येऊ देत.

मग कोंडाजी खुर्चीतून उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बास, एकनाथ," तो म्हणाला. "बास कर. कळलं आमाला."

"काय कळलं?"

"सुनेची चूक आपल्या पदरात घ्यायला काळीज लागतं बाबा. तीस वर्षांचं नाव असं उचलून देतोस?"

"अरं, मी खरं सांगतुया! मी काढलं टर्मिनल, ह्या हातांनी!"

"सोडा अण्णा," साहेब पुढं आले. त्यांनी एकनाथचे दोन्ही हात हातात घेतले. "मीच जास्त बोललो त्या दिवशी. तुम्ही एवढं मनाला लावून घेतलंत. माझा राग केव्हाच गेला. मी त्यांना माफ केलंय."

"माफ? तिला कशाला माफ? अवो साहेब, तिनं काय केलंच न्हाई!" एकनाथचा आवाज चिरकला. तो गौतमीकडं वळला. "तू सांग गं! तू सांग ह्यांना काय झालं ते!"

गौतमीनं ताट खाली ठेवलं. "मामा खरं बोलतायत," ती म्हणाली. स्पष्ट, मान वर करून. "टर्मिनल त्यांनीच काढलं होतं."

आणि गर्दीतून एक बाई कौतुकानं म्हणाली, "बघा, सासऱ्यानं मांडलेलं मोडलं न्हाई पोरीनं. असं घर पायजे." माना डोलल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कोंडाजीनं झेंडूचा एक मोठा हार उचलला आणि एकनाथच्या गळ्यात घातला. तो काढायला गेला तर कोंडाजीनं हात धरला.

गौतमी पाटापाशी वाकली. तिनं मीटर उचलला, त्यावरचं हळदीकुंकू ओढणीनं पुसलं, पिशवीत टाकला आणि स्कूटीकडं चालायला लागली. एकनाथ तिच्यामागं जाऊ बघत होता, पण माणसं पाया पडायला वाकत होती, वाट सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा, कुणीतरी या पोरीबद्दल एक चांगला शब्द बोला रे, म्हणून तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. जो तो त्याचंच कौतुक करत होता.